त्रेसष्ट हजारांतला एक

माणसाचं हृदय मिनिटाला ७० ठोके देतं असं धरलं, तर दिवसाचे १ लाख ८०० ठोके होतात आणि वर्षाचे ३ कोटी ६८ लाख. कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या खेळाडूच्या छातीत आजवर सत्तर कोटींहून जास्त ठोके पडून गेलेले असतात. त्यातला एकही कुठे नोंदलेला नसतो. ईसीजी काढला की पहिल्यांदा दहा-बारा ठोके कागदावर उतरतात. नेहमीचा ईसीजी दहा सेकंदांचा असतो, आणि दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. म्हणजे डॉक्टरांच्या हाती एका दिवसाचा ८,६४० वा भाग येतो आणि तेवढ्यावरून त्यांनी सांगायचं असतं की हा मुलगा धावला तर चालेल का.

हा हिशेब नंदुरबार जिल्ह्याला लावून पाहू. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५, आणि त्यात दर दहांतले जवळजवळ सात आदिवासी. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके. इथल्या कॉलेजांतून कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती, क्रॉसकंट्री खेळणारी आणि भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी मुलंमुली मिळून दहा हजार धरू. हा आकडा मोजलेला नाही, हिशेबाला सोपा म्हणून घेतलेला आहे. सगळ्यांचा ईसीजी काढला तर दहा हजार गुणिले दहा सेकंद, म्हणजे एक लाख सेकंद, पावणेअठ्ठावीस तास. सरावातल्या मुलांची नाडी संथ असते, म्हणून प्रत्येकाचे दहा ठोके धरले तर एकूण एक लाख ठोके झाले. दहा हजार छात्यांवर तारा लावून जे जमेल, तेवढे ठोके एक माणूस एका दिवसात देऊन मोकळा होतो.

एवढ्याशा नोंदीतून शोधायचं असतं ते दुखणंही लपून राहणारं. तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळतो, तेव्हा त्यामागे बहुधा चरबीने तुंबलेली रक्तवाहिनी नसते. ते वय त्याचं नसतं. अशा मृत्यूंमागे सापडणाऱ्या आजारांतला एक म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात जन्मजात दोषामुळे हृदयाच्या भिंतीचा स्नायू जाड होत जातो. साधारण ५०० माणसांत एकाला हा असतो. लाँग क्यूटीमध्ये ठोका पडून गेल्यावर हृदयाच्या पेशींना विजेच्या दृष्टीने पूर्वपदावर यायला जास्त वेळ लागतो. हा २,००० त एकाला. डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये हृदयात वीज जायला जन्मतःच एक वाट जास्तीची असते. असे लोक हजारात एक ते तीन. आपल्या दहा हजारांत पहिल्या आजाराचे वीस, दुसऱ्याचे पाच आणि तिसऱ्याचे दहा ते तीस निघतील असा अंदाज बांधता येतो. प्रत्यक्ष खेळाडूंच्या तपासण्यांत गंभीर दुखणं हजारात तिघांच्या आसपास सापडतं. पुढच्या हिशेबाला आपण दहा हजारांत तीस धरू.

या तिसांतले बहुतेक जण म्हातारे होतील. अचानक जाणारे किती, हा आकडा पोटात गोळा आणणारा असला तरी नीट पाहायला हवा. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेकडे दरवर्षी पाच लाखांच्या आसपास खेळाडू असतात. २००२ ते २०२२ या वीस वर्षांतले तिथले मृत्यू एकेक करून तपासले गेले. हृदय अचानक थांबून गेलेले खेळाडू १४३ निघाले. एक खेळाडू एक वर्ष खेळला की ते एक खेळाडू-वर्ष. अशी ९१ लाख खेळाडू-वर्षं मोजली, तेव्हा ६३,६८२ मागे एक मृत्यू असं प्रमाण आलं. त्याआधीच्या मोजणीत बड्या विद्यापीठांच्या पुरुष बास्केटबॉलपटूंत हेच प्रमाण ५,२०० मागे एक होतं. खेळ बदलला की धोका दहापटीने बदलतो.

नंदुरबारच्या दहा हजारांना अमेरिकेची सरासरी लावली, तर साडेसहा वर्षांत एक मृत्यू येतो. इंग्लंडच्या किशोरवयीन फुटबॉलपटूंचं प्रमाण १४,७९४ मागे एक आहे. ते लावलं तर दीड वर्षात एक. खरा आकडा कुठेही असला तरी तो इतका विरळ आहे की एखाद्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाला पुऱ्या नोकरीत असा प्रसंग दिसणार नाही. आणि ज्याला दिसेल, त्याच्यासमोर तो वीस वर्षांच्या, सगळ्यात तंदुरुस्त पोराचा असेल.

गोव्याच्या लोकांनी तो पाहिला आहे. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, गोव्याचा धेंपो क्लब विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर, वय २५, याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपो २-० ने जिंकला. क्लबने त्याचा दहा नंबरचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला. पेशाने फुटबॉल खेळणारा, क्लबच्या देखरेखीखाली सराव करणारा खेळाडू होता तो. इकडे नंदुरबारात मोलगी किंवा धडगावकडच्या पाड्यावरून येऊन क्रॉसकंट्रीत पळणाऱ्या मुलाची आजवरची वैद्यकीय तपासणी म्हणजे पुष्कळदा स्टेथोस्कोप लावून सही केलेला दाखला.

त्या दाखल्याची किंमत आकड्यांत मोजलेली आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १५ अभ्यास एकत्र केले. त्यांत ४७,१३७ खेळाडू होते. कधी चक्कर आली का, धावताना छातीत दुखलं का, घरात कुणी अकाली गेलं का, असे प्रश्न विचारून शंभर आजारी खेळाडूंतले २० सापडत होते. स्टेथोस्कोप लावून, नाडी आणि रक्तदाब पाहून ९. ईसीजीने ९४. एवढी तफावत वैद्यकाच्या दोन साध्या तपासण्यांमध्ये क्वचितच दिसते, आणि म्हणूनच मला ईसीजीचा आग्रह धरावासा वाटतो. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सोडून हा आग्रह धरणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ईसीजीत निरोगी खेळाडूंपैकी ६ टक्क्यांवरही शंकेचा शिक्का बसत होता.

दहा हजारांत आजारी तीस. त्यांतले अठ्ठावीस ईसीजी पकडेल. उरलेल्या ९,९७० निरोगी मुलांचे ६ टक्के म्हणजे ५९८. दोन्ही मिळून ६२६ जणांना सांगावं लागेल की तुमच्या पट्टीत काहीतरी दिसतंय. खरा रोग बाविसांतल्या एकाला. बाकीच्या एकविसांना काही झालेलं नसतं, पण ते कळेपर्यंत मैदान बंद, घरचे हवालदिल आणि मुलगी असेल तर गावात चर्चा.

हे सहा टक्के कुठून येतात, ते ईसीजीच्या खोलीत उभं राहिलं की दिसतं. मुलगा शर्ट काढून पलंगावर आडवा होतो. हातापायांना चार चिमटे: उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा. छातीवर जेल लावून सहा रबरी चोखण्या दाबून बसवायच्या. पहिल्या दोन छातीच्या मधल्या हाडाच्या उजवी-डावीकडे, चौथ्या फासळीच्या खालच्या फटीत. चौथी एक फट खाली, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ येणाऱ्या रेषेवर. तिसरी दोन आणि चारच्या मधोमध. पाचवी-सहावी त्याच उंचीवर काखेकडे सरकत. दहा तारा, बारा आलेख. सगळी जोखीम पहिल्या दोन चोखण्यांत आहे. घाईत त्या एक-दोन फटी वर बसल्या, तर धडधाकट मुलाच्या कागदावर ब्रुगाडा नावाच्या जीवघेण्या आजारासारखी आकृती उमटू शकते. मुलींच्या बाबतीत हा वर-खाली होण्याचा धोका जास्त, कारण संकोच दोन्ही बाजूंनी असतो. म्हणून आडोसा आणि बाई तंत्रज्ञ असल्याशिवाय मुलींचं शिबिर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

छातीवर पोहोचणारी वीज असते एक मिलिव्होल्टच्या घरात, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढी. कागदावर ती दहा मिलिमीटर उंचीची होते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एक मिलिमीटरची लहान चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. खेळाडूंसाठी २०१७ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत लाँग क्यूटीची शंका घ्यायची मर्यादा पुरुषांना ४७० आणि स्त्रियांना ४८० मिलिसेकंद आहे. चौकटींत मोजलं तर पावणेबारा आणि बारा. ठोक्याच्या शेवटच्या, म्हणजे टी लाटेचं शेपूट नेमकं कुठे संपलं हे ठरवताना पाव मिलिमीटरची गफलत झाली, तर मुलगा या बाजूचा त्या बाजूला जातो.

शिवाय खेळाडूचं हृदय बदललेलं असतं. रोज पंधरा किलोमीटर पळणाऱ्याची विसावलेली नाडी ४५ असणं ही कमाई आहे. टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकलेल्या मिगेल इंदुराइनची २८ सांगतात. विसाव्यात मिनिटाला पाच लिटर रक्त फेकणारं हृदय कसलेल्या धावपटूत ऐन शर्यतीत पस्तीस लिटरच्याही पुढे जातं. त्यासाठी त्याचे कप्पे मोठे झालेले असतात, भिंती जरा जाड. पण ईसीजी यंत्रातला संगणक दवाखान्यात येणाऱ्या सर्वसाधारण रुग्णांसाठी घडवलेला असतो. तो या पोराच्या पट्टीवर ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’, ‘लेफ्ट व्हेंट्रिक्युलर हायपरट्रॉफी’, ‘अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’ असं छापून मोकळा होतो. बारावी शिकलेला बाप तो शेवटचा शब्द वाचतो आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकते. नाडी मंद असणं किंवा नुसती लाटांची उंची जास्त असणं, हे खेळाडूत आजाराचं लक्षण धरायचं नाही, असं नवे निकष स्वच्छ सांगतात. तेच म्हणतात की सोळाच्या आतल्या मुलाच्या पहिल्या तीन चोखण्यांवर टी लाट उलटी असली तर घाबरू नका, पण तीच लाट पाचव्या-सहाव्यावर उलटी दिसली तर कुठल्याही वयात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय सोडू नका. हे ठाऊक असलेल्या डॉक्टरने वाचलं तर शंकेचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे सहाशेच्या जागी तीनशे. एकट्या वाचणाऱ्याच्या तयारीने तीनशे घरांची झोप वाचते.

एक अडचण तरीही राहते. हे निकष मुख्यतः युरोपी आणि आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंच्या पट्ट्यांवरून बांधलेले आहेत. भिल्ल, पावरा, मावची मुलांच्या पट्ट्या त्या ढिगाऱ्यात नाहीत.

ईसीजी सक्तीचा करावा का, यावर जगात चाळीस वर्षं वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजूंकडे मोठे आकडे आहेत. इटलीने १९८२ मध्ये सगळ्या स्पर्धक खेळाडूंना ईसीजी सक्तीचा केला. व्हेनेतो प्रांतात १९७९ ते २००४ पर्यंतचे मृत्यू मोजले गेले: सुरुवातीला वर्षाला लाखामागे ३.६, शेवटी ०.४. नव्वद टक्क्यांच्या जवळपास घट. आणि त्याच काळात न खेळणाऱ्या तरुणांतलं प्रमाण जागच्या जागी. त्यासाठी पादुआच्या केंद्राने ४२,३८६ खेळाडू तपासले. ३,९१४ जणांना पुढच्या तपासण्यांना पाठवलं आणि ८७९ जणांचा खेळ थांबवला. इस्रायलने १९९७ मध्ये असाच कायदा केला. तिथे आधीच्या बारा वर्षांत लाखामागे २.५४ घटना होत्या, नंतरच्या बारा वर्षांत २.६६. काहीच फरक नाही. दोन्ही अभ्यास वाचताना माझं लक्ष इस्रायलच्या मूळ संख्येवर अडकलं: चोवीस वर्षांत मिळून २४ घटना, त्याही वर्तमानपत्रांतून गोळा केलेल्या. इतक्या विरळ गोष्टीत दोन-चार नोंदी निसटल्या तरी निष्कर्ष उलटू शकतो.

या वादात मला सर्वांत जास्त शिकवणारा अभ्यास इंग्लंडचा वाटतो. १९९६ ते २०१६ या काळात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने सरासरी १६ वर्षांच्या ११,१६८ खेळाडूंचा ईसीजी काढला, शिवाय प्रत्येकाची इकोही केली. ४२ जणांत जीवघेणा ठरू शकेल असा आजार मिळाला. पुढच्या वर्षांत हृदय थांबून आठ जण गेले, आणि त्यांतल्या सहांची तपासणी अगदी नॉर्मल आली होती. तपासणी आणि मृत्यू यांत सरासरी ६.८ वर्षांचं अंतर होतं. स्नायूचे काही आजार सोळाव्या वर्षी दिसतच नाहीत, विशीत डोकं वर काढतात. अकरावीत काढलेल्या एका पट्टीवर पदवीपर्यंत विसंबता येत नाही. आठांतले उरलेले दोघे आजार सापडल्यावरही सल्ला डावलून खेळत राहिले होते.

ते का खेळत राहिले असतील, हे नंदुरबारात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. राष्ट्रीय पातळीवरचा लांब पल्ल्याचा धावपटू किसन तडवी याच जिल्ह्यातून पुढे आला आहे. सातपुड्यातल्या पुष्कळ मुलांना पळणं हा नोकरीचा रस्ता दिसतो. पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराला १,६०० मीटर पळावे लागतात, आणि पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं तर वीसपैकी वीस गुण. त्या पाच मिनिटांत हृदय साडेनऊशेच्या आसपास ठोके देतं, जवळजवळ सगळे कमाल वेगाने. एके काळी हे अंतर पाच किलोमीटर होतं. जून २०१४ मध्ये मुंबईत विक्रोळीला भरतीच्या वेळी भर उकाड्यात पळताना तरुण उमेदवार कोसळून मेले, मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर अंतर कमी झालं. अशा मुलाला ‘तुझ्या हृदयाची भिंत जाड आहे, धावू नकोस’ हे वाक्य ऐकवणं म्हणजे त्याच्या घराची पुढची तीस वर्षं बदलणं. ते वाक्य खात्रीशिवाय उच्चारायचा अधिकार कुणालाच नाही. भिंत १२ मिलिमीटरपर्यंत सर्वसाधारण, १५ पासून पुढे आजार. मधल्या १३-१४ मध्ये कसून सराव करणारा निरोगी खेळाडूही असतो आणि आजाराची सुरुवातही. दोन-तीन मिलिमीटरच्या त्या पट्ट्यात एमआरआय आणि अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ लागतो, आणि त्यासाठी धुळे, नाशिक, नाही तर सुरत गाठावं लागतं.

पण पट्टीत काही सापडलं म्हणजे खेळ संपलाच असंही नाही. डब्ल्यूपीडब्ल्यूची जास्तीची वाट मांडीतून नळी घालून जाळता येते. शंभरांत पंच्याण्णवांच्या आसपास रुग्ण कायमचे बरे होतात आणि पुन्हा पळतात. लाँग क्यूटीला रोजची गोळी आहे. हार्वर्डमध्ये ५१० कॉलेज खेळाडूंची तपासणी झाली तेव्हा ११ जणांच्या हृदयात काही ना काही सापडलं. नुसते प्रश्न आणि स्टेथोस्कोप यांनी पाच सापडले होते, ईसीजी जोडल्यावर दहा. त्या सगळ्यांतून खेळावर बंधन आलं ते तिघांवर.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन तीसेक आजार पाहतात, जन्मजात हृदयदोष आणि संधिवातामुळे होणारा झडपांचा आजारही त्यांत आहे. त्याची वयोमर्यादा अठरा वर्षांची. मुलगा कॉलेजात गेला, सराव दुप्पट झाला, स्नायूचे आजार दिसू लागायचं वय आलं, आणि नेमकं तिथे सरकारी तपासणीचं बोट सुटतं.

नंदुरबारची आणखी एक गोष्ट ईसीजीच्या कागदावर कधीच उमटत नाही. डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासींत वर्षानुवर्षं केलेल्या पाहणीत भिल्ल आणि पावरा हे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या जनुकाचं २० ते ३५ टक्के प्रमाण असलेल्या समाजांत निघाले. आपल्या दहा हजारांत सात हजार आदिवासी धरले आणि या पल्ल्याचं खालचं टोक घेतलं, तरी चौदाशे वाहक होतात. हृदयाच्या आजाराचे तीस आणि सिकलसेलचे चौदाशे! वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो. पण कडक ऊन, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि न थांबता जीव तोडून पळणं हे एकत्र आलं, तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, स्नायू आतून फुटू लागतात. असा खेळाडू बऱ्याचदा धाडकन पडत नाही. पायांतलं बळ जातं, तो बसतो, बोलत असतो. आसपासचे म्हणतात, दमला, उठवा त्याला. तिथेच घात होतो.

अमेरिकी लष्कराच्या वीस लाख नवशिक्या जवानांच्या नोंदींवरून १९८७ मध्ये दिसलं की कृष्णवर्णीय वाहक जवानांत कारण न सापडणाऱ्या अचानक मृत्यूचा धोका वाहक नसलेल्यांच्या २८ पट होता. मग लष्कराने सगळ्यांसाठीच नियम बदलले: पाणी, सावली, विश्रांती, मेहनत हळूहळू वाढवणं. २०१६ मध्ये ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिकांची पाहणी आली, तेव्हा वाहकांत मृत्यूचा जास्तीचा धोका उरलेला नव्हता, स्नायू फुटण्याचा मात्र दीडपट होता. कुणालाही न वगळता केवळ सरावाची रीत बदलून अठ्ठावीसपट धोका खाली आणता आला. एप्रिल-मेच्या तापीकाठच्या उन्हात सराव घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं लक्ष्य चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं आहे आणि तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. ते मुलाकडे असेल तर पाहा, नसेल तर तपासणी करून घ्या. पण ते पाहून त्याला संघातून काढू नका. पाणी आणि विसावा वाढवा, आणि तो ‘पाय चालत नाहीत’ म्हणाला की त्याच क्षणी थांबवा.

सगळं करूनही कुणी कोसळणार असेल, तर त्या वेळचा हिशेब मिनिटांचा असतो. हृदय थरथरत थांबलं आणि कुणी छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहाव्या मिनिटाला हाती जवळजवळ काही उरत नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ ला १०८ ची सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी. राज्याच्या ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरला भागलं तर एका गाडीकडे सरासरी ३२८ चौरस किलोमीटर येतात. अक्राणीच्या घाटात दहा मिनिटांत ती पोहोचेल अशी अपेक्षाच धरता येत नाही. मैदानावरच विजेचा झटका देणारं यंत्र, एईडी, असेल तर काय होतं हे अमेरिकेतल्या १,७१० शाळांनी दाखवलं. तिथे ३६ जणांचं हृदय थांबलं, २३ जण घरी परतले. कोसळलेल्या १४ विद्यार्थी खेळाडूंपैकी ९ वाचले. हे यंत्र पट्टी नॉर्मल आलेल्यालाही वाचवतं; इंग्लंडचे ते सहा आठवा. म्हणून पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर मी आधी मैदानावर एईडी ठेवीन आणि प्रत्येक संघातल्या चौघांना छाती दाबायला शिकवीन.

आणि ईसीजी? दहा हजारांचं शिबिर एकदम घेऊ नये. माणशी पाच मिनिटं धरली तरी रोज आठ तास काम करून १०४ दिवस लागतील, आणि निघणाऱ्या तीनशे ते सहाशे शंकांना जिल्ह्यात इकोची रांग पुरणार नाही. पहिल्या वर्षी जे लांब पल्ल्याचं पळतात, विद्यापीठाच्या संघात निवडले गेलेत किंवा भरतीला बसणार आहेत, असे तीनशे घ्यावेत. पंचवीस तासांचं काम, तीन दिवसांत उरकतं. शंकेच्या पट्ट्या निघतील नऊ ते अठरा, खरा आजारी असेल एखादा. ईसीजीचा जनक आइंथोव्हेन याने लायडनमध्ये १९०५ च्या सुमाराला पावणेतीनशे किलोच्या आणि पाच माणसांनी चालवायच्या यंत्रावर दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने ठोके आणून वाचले होते. शहाद्याची पट्टी मुंबईतल्या खेळाडूंच्या हृदयतज्ज्ञाला फोनवरून पाठवणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिल्या मुलाच्या हाताला लाल चिमटा लावायच्या आधी अठरा इकोंच्या तारखा तिथे ठरवून घ्याव्यात, आणि पुढे पाठवावं लागलंच तर गाडीभाडं कोण देणार तेही.